उतारशाळेच्या मालकाला मिळालेली दोन नाणी

गेल्या वर्षी, पहिला पाऊस पडायच्या आधीच्या आठवड्यात, आमच्या शेजारच्या सिस्टर, निवृत्त परिचारिका, गेल्या. वय ऐंशीच्या पुढे होतं. दफनविधीनंतर चौथ्या दिवशी चर्चमध्ये स्मरणसभा झाली. पाळकसाहेब बोलले, महिला मंडळाच्या बायका बोलल्या, नगरसेवक बोलले, शेजारी म्हणून मीही बोललो. प्रेमळ, श्रद्धाळू, सेवाभावी, घरासाठी झिजलेल्या, समाजाला वाहून घेतलेल्या. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण बाहेरगावचा एखादा पाहुणा मागच्या बाकावर बसला असता, तर या बाईंनी ३७ वर्षं नेमकं काय काम केलं हे त्याला सभा संपेपर्यंत कळलं नसतं. बाई भली होती, एवढंच कळलं असतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्यांचं काम काय होतं, हे त्या सभेतल्या कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं आणि मीही 'सेवाभावी' म्हणून खाली बसलो होतो.

एखादा सर्जन गेला की त्याने कुठली ऑपरेशनं गावात पहिल्यांदा केली ते सांगतात. शिक्षक गेला की त्याच्या हाताखालून कोण कोण गेलं ते सांगतात. परिचारिका गेली की तिचा स्वभाव सांगतात. मला वाटतं, सरकारी वॉर्डातली रिकामी पदं, अकरा महिन्यांची कंत्राटं, खासगी दवाखान्यांतले तुटपुंजे पगार हे सगळं या सवयीच्या जवळच उगवतं. स्वभावाला वेतनश्रेणी नसते. चांगुलपणाची पदं कोण मंजूर करतो?

तर आधी कामाबद्दल सांगतो.

२००९ मध्ये माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलने अकराव्या दिवशी घरी सोडलं. हातात औषधांची चिठ्ठी होती आणि पुढे काय करायचं याचं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टरांना निवृत्त होऊन तेव्हा नऊएक वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी आल्या, बाबांशी बोलल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाठ बघितलीस का?" मी बघितली नव्हती. त्यांनी बाबांना कुशीवर घेतलं. माकडहाडाच्या जागी रुपयाएवढा लाल डाग होता. त्यांनी बोटाने दाबून बघितलं. दाबल्यावर पांढरं पडतं का, बोट काढल्यावर परत लाल होतं का, ते बघत होत्या. "अजून उघडलं नाही. आजपासून घड्याळ लाव."

पुढचे १९ महिने त्या घड्याळावर चालले. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचं नाही, उचलायचं, कारण ओढल्याने कातडी सोलते. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली घडी घातलेली चादर द्यायची. भरवताना माणूस बसता हवा आणि भरवून झाल्यावर लुळ्या बाजूच्या गालात घास अडकून राहिला नाही ना, ते बोट घालून बघायचं. तो घास रात्री श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच टांगायची. एकदा मी भक्तिभावाने तो लाल डाग तेल लावून चोळायला लागलो तर त्यांनी हात धरला. "आम्हालाही स्पिरिट लावून चोळायलाच शिकवलं होतं. पुढे कळलं की लाल झालेली जागा चोळली तर आतलं मांस जास्त दुखावतं. कळल्यावर सोडून दिलं." निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली बाई, तिला हे कुणी सक्तीने शिकवलेलं नव्हतं. जिथून मिळेल तिथून वाचून, तरुण सिस्टरांना विचारून त्या स्वतःचं ज्ञान ताजं ठेवत होत्या.

त्यांचं एक वाक्य मी विसरत नाही. "माणूस खोटं बोलेल, घरचे खोटं बोलतील, पाठ खोटं बोलत नाही."

बाबा गेले तेव्हा त्यांच्या अंगावर एकही जखम नव्हती. याला नुसतं प्रेम पुरत नाही. प्रेम आम्हा सगळ्यांचंच होतं आणि त्याच प्रेमाने मी तो डाग चोळत होतो.

अरुणा शानबाग हे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली आणि १८ मे २०१५ ला गेली. जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली की दुसरीने हाती घेतलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा या परिचारिकांनी तिच्या वतीने नकार दिला आणि न्यायालयाने त्यांच्या शुश्रूषेचं भरभरून कौतुक केलं. तिला बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाहीत, ही गोष्ट त्या निकालातही आली आहे. आपण ही कहाणी नेहमी मायेची कहाणी म्हणून सांगतो. माया होतीच. पण दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटलं तर एवढ्या वर्षांत ती पावणेदोन लाखांहून जास्त वेळा बदलावी लागते. एवढ्या वेळा न चुकणं ही शिस्त आहे. एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे नीट हँडओव्हर गेल्याशिवाय, इनचार्ज सिस्टरने विचारल्याशिवाय, शिकाऊ मुलीच्या हाताला वळण लावल्याशिवाय ती टिकत नाही. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात नोंदवावी अशी ही कामगिरी आहे. आपण तिच्यापुढे हात जोडले आणि पुढे निघून गेलो.

फ्लोरेन्स नाइटिंगेलचंही तेच झालं. दरवर्षी १२ मे, तिचा जन्मदिवस, आला की हातात दिवा घेतलेली बाई सगळीकडे फिरते. त्याच बाईने क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचे आकडे मांडून दाखवलं की सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि रोगाने जास्त मरतात. लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीची ती पहिली स्त्री सदस्य होती. हातातला दिवा सगळ्यांच्या लक्षात राहिला, आकड्यांची वही मात्र विसरली गेली.

आता श्रद्धेबद्दल. सिस्टरांच्या श्रद्धेला वळसा घालून त्यांच्याविषयी लिहिणं खोटेपणाचं होईल. त्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकल्या. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं ते हॉस्पिटल. त्यांच्या पिढीतल्या ख्रिस्ती घरांतल्या किती तरी मुली याच वाटेने गेल्या. याला कारण होतं. परक्याचं अंग धुणं, मलमूत्र काढणं, रात्री घराबाहेर राहणं या तिन्ही गोष्टी तथाकथित वरच्या जातींच्या घरांना विटाळाच्या किंवा बदनामीच्या वाटत. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं आणि रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना ससूनमध्ये परिचर्या शिकायला पाठवलं, तेव्हा सुधारकांच्या शहरातही नाकं मुरडली गेली. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा देशात जेमतेम सात हजार परिचारिका होत्या. ४३,००० माणसांमागे एक. समाजाने ज्या कामाकडे पाठ फिरवली, ते काम मिशनच्या मुलींनी उचललं. आणि नंतर त्याच समाजाने त्यांना 'सेवेचं व्रत' अशी पदवी दिली. पदवी मानाची होती, पण तिच्या आड आपली पाठ फिरवणं झाकलं गेलं.

सिस्टरांचा विश्वास गोडगोड नव्हता. पहाटे चारला उठून बायबल वाचायच्या, मग चूल. ड्युटी कुठलीही असो, रविवारची उपासना चुकू नये म्हणून महिनाभराच्या पाळ्या आधी अदलाबदल करून ठेवायच्या. त्या बदल्यात दिवाळीच्या आणि ईदच्या रात्रपाळ्या स्वतः घ्यायच्या. नवरा लवकर गेला, दोन मुलं आणि एक दीर त्यांनी शिकवले. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं त्यांना तोंडपाठ होती आणि ती त्या मोठ्याने, जरा बेसूर, पण मनापासून म्हणायच्या.

महिला मंडळाच्या एका सभेत येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर चिंतन चाललं होतं. लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला वाटसरू, याजक बाजूने निघून गेला, लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, निघून गेला, परका शोमरोनी थांबला, त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेलं. सगळ्या बायका शोमरोन्याबद्दल बोलत होत्या. आमच्या आईने हे मला सांगितलं, ती शेजारधर्माने तिथे जात असे. सिस्टर म्हणाल्या, "शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. मग त्या माणसाचं मलमूत्र काढायला, त्याला पाणी पाजायला कोण होतं?" मग स्वतःच म्हणाल्या, "उतारशाळेचा मालक होता. आणि शोमरोन्याने त्याला दोन नाणी दिली. शिवाय म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. प्रभूने त्याला फुकट राबवलं नाही."

मी शास्त्राचा अभ्यासक नाही. पण नंतर मी ते वचन काढून वाचलं. बायबलमध्ये लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. दोन दीनार, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी. दया कशी करावी हे शिकवणाऱ्या सगळ्यात प्रसिद्ध गोष्टीत शुश्रूषा करणाऱ्याला रोख पैसे मिळतात आणि पुढच्या खर्चाची हमीही मिळते. हजार प्रवचनं झाली असतील या दाखल्यावर. त्या नाण्यांवर किती झाली?

सिस्टरांना स्वतःला काय मिळालं? त्यांनी एका तालुक्याच्या गावी धर्मादाय दवाखान्यात नोकरी केली. निवृत्त झाल्या तेव्हा भविष्य निर्वाह निधीची थोडी रक्कम आणि मासिक पेन्शन. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. सिस्टरांना त्याहून थोडी जास्त मिळायची. बीपीच्या गोळ्या आणि गॅसची टाकी यात ती संपायची. सरकारी नोकरीतल्या त्यांच्या मैत्रिणींची गोष्ट वेगळी होती, पण ती वाटही राज्याने १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांसाठी बंद केली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, त्यात परिचारिकाही होत्या. त्याआधी २०२२ च्या मे महिन्यात त्या संपावर गेल्या तेव्हा बाहेरच्या संस्थेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीला विरोध ही त्यांची मोठी मागणी होती. दोन्ही वेळा मी एकच वाक्य ऐकलं, चहाच्या टपरीवर आणि शिकल्यासवरल्या घरांतही: "यांनी तरी असं करायला नको. सेवेचं काम आहे."

खासगी दवाखान्यांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितलं की २०० खाटांच्या वरच्या खासगी रुग्णालयात पगार सरकारी परिचारिकेइतका हवा, १०० ते २०० खाटांत फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी, आणि अगदी ५० खाटांच्या आतल्या दवाखान्यातही २०,००० रुपयांच्या खाली नको. केंद्राने हे राज्यांकडे पाठवून दिलं. आरोग्य राज्यांचा विषय, म्हणून पुढचं राज्यांवर. केरळात परिचारिका रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ मध्ये तिथे किमान वेतनाची अधिसूचना निघाली. आपल्याकडे, महाराष्ट्रात, कुठल्याही तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीच्या मुलीला तिचा पगार विचारून बघा. आणि तो २०,००० च्या आत निघाला तर त्या दवाखान्यातल्या एका रात्रीच्या खोलीचं भाडं विचारा.

माझे एक स्नेही, स्वतः धार्मिक वृत्तीचे, मला म्हणाले की पैशाचं बोलू लागलो की या कामातलं पावित्र्य जातं. सिस्टरांच्या स्मरणसभेनंतरच हे बोलणं झालं. त्यांचा हेतू चांगला आहे हे मला माहीत आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. सैनिकाला पगार मिळतो म्हणून सीमेवरचं त्याचं मरण स्वस्त होत नाही. न्यायाधीशाला पगार मिळतो आणि तो भरपूर असावा असं आपण म्हणतो, कारण त्याने निर्भय राहावं. डॉक्टर फी घेतो आणि तरीही आपण त्याला देव म्हणतो. पैशाने पावित्र्य विटतं हा नियम फक्त बायकांच्या हातच्या कामाला लावला जातो: स्वयंपाकाला, बाळंतपणाला, म्हाताऱ्यांच्या अंगाला.

आणि सिस्टर याबाबतीत माझ्या स्नेह्यांपेक्षा जास्त स्पष्ट होत्या. निवृत्तीनंतर वीस वर्षं आमच्या आळीचा दवाखाना त्यांच्या ओट्यावर होता. इंजेक्शन, ड्रेसिंग, बीपी, बाळाची नाळ, म्हाताऱ्याची कॅथेटर, पहाटे तीनला दारावर थाप. गरिबाकडून त्यांनी कधी पैसा घेतला नाही. पण सोन्याच्या दुकानाचे मालक आईच्या ड्रेसिंगसाठी दोन महिने रोज बोलावत राहिले आणि शेवटी "तुमचं काय, सेवाच आहे" म्हणाले, तेव्हा सिस्टर त्यांच्या बैठकीतच उभ्या राहून म्हणाल्या, "फुकट द्यायचं की नाही ते मी ठरवीन. तुम्ही नाही." साठ ड्रेसिंगचे पैसे घेतले, पावती लिहून दिली, आणि ते पैसे कुठे गेले ते चर्चच्या खजिनदाराला माहीत असेल. मला या एका वाक्यात सगळा प्रश्न दिसतो. जे मागायचा हक्कच नाही, ते सोडून देण्यात दान कसलं? ज्या बाईला नाही म्हणता येत नाही, तिच्या होकाराला आपण त्याग म्हणतो आणि त्यातून आपली सोय होते.

त्या ओट्यावरच्या वीस वर्षांकडे सरकारनेही बघायला हवं होतं. आपली माणसं आता जास्त जगतात, मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असतात, हॉस्पिटलं लवकर घरी सोडतात. मग घरात सुरू होतं ते वडिलांच्या वेळी माझ्या घरात सुरू झालं होतं तेच. शहरांत 'ब्युरो'कडून मुली येतात, दिवसाचे पैसे ठरवून. त्यातल्या पुष्कळ जणींना कुणी काही शिकवलेलं नसतं, आणि त्या बिचाऱ्यांचाही त्यात दोष नाही. केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण आणलं आणि अंथरुणावरच्या रुग्णाला घरी जाऊन बघणाऱ्या परिचारिका स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत नेमल्या. पाठ बघणारं, घरच्यांना कूस बदलायला शिकवणारं माणूस, पगारावर. महाराष्ट्रात गावोगाव निवृत्त परिचारिका आहेत. त्यांच्यातल्या ज्यांच्या अंगात बळ आहे आणि ज्यांची इच्छा आहे, त्यांना मानधन देऊन नव्या मुलींना आणि घरच्या माणसांना शिकवायला बोलावलं तर फार मोठी इमारत लागणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राची एक खोली, एक खाट आणि आठवड्यातला एक दिवस पुरे. खऱ्या पगाराची पदं मात्र कायमची हवीत, अकरा महिन्यांची नकोत. निवृत्त बाईंच्या भलेपणावर पुन्हा एकदा सगळं ढकलून द्यायचं असेल तर ही योजना काढूच नका.

आणि मृत्युलेखांत, स्मरणसभांत, दगडावरच्या अक्षरांत तिचं काम लिहा. किती वर्षं, कुठल्या वॉर्डात, कुणाला शिकवलं, काय बदललं. सिस्टरांचं मी आता लिहून ठेवलं आहे. काचेच्या सिरिंजा उकळायच्या काळापासून त्यांनी सुरुवात केली. प्रसूतीच्या वॉर्डात १४ वर्षं, सर्जिकलमध्ये ९, उरलेली सगळीकडे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या ११ जणींची नावं मला मिळाली, तीन जणी आखातात आहेत. स्मरणसभेत हे बोलायला हवं होतं.

शेवटचे चार महिने सिस्टर स्वतः अंथरुणावर होत्या. सुनेने सगळं केलं. सून शाळेत शिक्षिका, या कामाची तिला सवय नव्हती. पण सासूबाईंनी पडल्या पडल्या तिला शिकवलं, चुकलं की रागावल्याही. नात परिचारिका आहे, दुसऱ्या शहरात एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, कंत्राटावर. एका रुग्णामागे एक परिचारिका असायला हवी अशा त्या विभागात ती रात्री चार रुग्ण बघते. आजी गेल्याचा फोन आला तेव्हा ती ड्युटीवर होती आणि बदली माणूस नव्हतं. सकाळी पाळी संपवून, युनिफॉर्मवर ओढणी टाकून ती एसटीने आली. पायरीवर चप्पल काढली, आत गेली, आजीच्या कपाळावर हात ठेवला. रडली नाही. आईकडे वळून तिने पहिला प्रश्न विचारला, "पाठ कशी होती?"

आई म्हणाली, "ये, बघ."